शिष्यवृत्तीवर व्याज कशाचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रविवारची वंदना आटोपली की आमच्या वस्तीतल्या विहारात पोरे एक टेबल टाकून बसतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणे, जातवैधतेची कागदपत्रे लावून देणे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगणे, अशी कामे तेथे चालतात. आम्हीही अधूनमधून जाऊन बसतो. त्या दिवशी एक मावशी आल्या. बांधकामावर बिगारीचे काम करणाऱ्या. मुलगी एका खाजगी महाविद्यालयात बी. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला. मावशींच्या हातात महाविद्यालयाची चिठ्ठी होती. थकीत शुल्क ४०,००० रुपये आठ दिवसांत भरा, अन्यथा परीक्षेचा अर्ज स्वीकारला जाणार नाही, अशी.

पोरांनी पोर्टल उघडून पाहिले. मुलीचा अर्ज मंजूर होता. पैसे मात्र आले नव्हते. महाविद्यालयातल्या बाबूने मावशींना सांगितले होते, "तुम्ही आत्ता भरा, सरकारचे आले की तुमचे तुम्हाला." मावशींनी फायनान्सवाल्यांच्या गटातून चाळीस हजार उचलले होते आणि आठवड्याचा हप्ता सुरूही झाला होता. त्यांची तक्रार काहीच नव्हती. हे पैसे परत कधी मिळतील, एवढेच विचारायला त्या आल्या होत्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "दादा, शिष्यवृत्ती फुकट असती म्हणत्यात. मग मी याज कशाचं भरायलेय?"

या प्रश्नाला टेबलावरच्या कोणाकडेच उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे, म्हणून आज तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हिशेब करून पाहा. गटाच्या कर्जाचा दर चोवीस टक्क्यांच्या घरात असतो. चाळीस हजार आठवड्याच्या हप्त्याने वर्षभरात फेडायचे म्हटले तरी व्याजापोटी पाच हजारांच्या आसपास जातात. आता शिष्यवृत्तीत निर्वाहभत्ता म्हणून काय मिळते? २०२१ च्या सुधारित नियमांनुसार व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाला असलेल्या, घरी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ७,००० रुपये. म्हणजे महिन्याला ५८३ रुपये. त्या सात हजारांतले पाच हजार व्याजात गेले. उरलेल्या दोन हजारांत वर्षभराचा बसपास, झेरॉक्स, प्रॅक्टिकलचा कोट आणि भूक! सरकारच्या कागदावर ही मुलगी शिष्यवृत्तीधारक आहे. प्रत्यक्षात ती कर्जावर शिकते आहे, आणि ते कर्ज बँकेच्या शैक्षणिक कर्जापेक्षाही महाग आहे. उशिरा आलेली शिष्यवृत्ती ही कर्जाची परतफेड असते, शिष्यवृत्ती नसते, हे आता आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे.

बाबासाहेबांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले आहे. पण एका कर्जदार विद्यार्थ्याचे चरित्र म्हणून ते फारसे कोणी वाचलेले नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेला पाठविले ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी. सोबत करार होता, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा. १९१७ साली बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्याला गेले. पुढे काय झाले ते आपल्याला तोंडपाठ आहे. शहरात कोणी खोली देईना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कोलंबियाचा पदवीधर झाडाखाली बसून रडला आणि मुंबईला परतला. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी केली, पोटाला चिमटा घेऊन पैसे साठविले, राजर्षी शाहू महाराजांकडून दीड हजार आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये घेतले, आणि १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडन गाठले.

येथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण बडोद्याच्या कराराचे पुढे काय झाले? दहा वर्षांची नोकरी झाली नाही म्हणून संस्थानने शिक्षणावर झालेला खर्च परत मागितला. वीस हजारांच्या वर गेलेल्या या रकमेचा तगादा, बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परत आल्यावरही, चालू होता. ती रक्कम संस्थानने अखेर सोडून दिली, पण त्यासाठी वर्षे जावी लागली. सयाजीरावांचे उपकार आम्ही विसरत नाही. त्यांच्याएवढे कोणी केले नाही. तरी येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. करार मोडला कोणी? बाबासाहेबांनी नोकरी सोडली नाही. ज्या शहराने त्यांना झोपायला कोपरा दिला नाही, त्या शहराने ती सोडायला लावली. पण हिशेबाच्या वहीत जात लिहिलेली नसते. तेथे येणे आणि देणे अशा दोनच बाजू असतात. कर्जाचा हा गुण तेव्हाचा आहे आणि आजही तोच आहे. पदवी मिळूनही पोराला नोकरी का लागली नाही, मुलाखतीत आडनाव ऐकल्यावर समोरच्यांचे चेहरे कसे बदलले, हे बँकेच्या खातेउताऱ्यात कुठेही उमटत नाही. उमटते ते थकबाकीदार म्हणून आपले नाव.

ज्याने हे सगळे अंगावर घेतले, तो माणूस कायदेमंडळात गेल्यावर फीबद्दल काय बोलला? तारीख १२ मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी हाती घ्यायला अवघे आठ दिवस होते. मुंबई कायदेमंडळात शिक्षणखात्याच्या अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी सरकारपुढे आकडे मांडले. कला महाविद्यालयांवरच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि मिडल स्कूलच्या खर्चापैकी २६ टक्के रक्कम सरकार विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले आणि हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. शिक्षणखाते हे इतके द्या आणि इतके घ्या या हिशेबाने चालविण्याचे खातेच नाही, शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे, खालच्या वर्गांसाठी तर ते शक्य तितके स्वस्त केले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

आता ३६ हा आकडा लक्षात ठेवून पुढे चला. १९९३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने शिफारस केली की, विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाच्या १५ टक्के रक्कम पाच वर्षांत आणि २५ टक्के रक्कम दहा वर्षांत स्वतः उभी करावी. स्वतः म्हणजे मुख्यतः फी वाढवून. १९९७ साली केंद्रीय अर्थखात्याने अनुदानांवर एक टिपण काढले. त्यात प्राथमिक शिक्षणाला अनुदान देण्याजोगे ठरविले आणि उच्च शिक्षणाला त्या पंक्तीतून उठविले. २००० साली मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला या दोन उद्योगपतींनी पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योगविषयक परिषदेला शिक्षणावर अहवाल सादर केला. शिक्षणावर अहवाल लिहायला देशात दुसरे कोणी सापडले नसावे! उच्च शिक्षणाचा खर्च ज्याने वापरला त्याने द्यावा, आणि ज्याला झेपत नाही त्याने कर्ज घ्यावे, हा त्या अहवालाचा गाभा. लगेच २००१ साली बँकांच्या संघटनेची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. या सगळ्या तारखा एका ओळीत मांडल्या की दिसते ते असे, की आपली मुले महाविद्यालयाच्या फाटकाशी मोठ्या संख्येने येऊ लागली, नेमकी तेव्हाच फाटकावर तिकीट लावण्यात आले.

महाराष्ट्रात तर ही सुरुवात आणखी आधी झाली. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. साखर कारखान्याशेजारी इंजिनिअरिंग कॉलेज उभे राहिले आणि साखरसम्राटाचा शिक्षणसम्राट झाला. देणग्यांचा बाजार एवढा माजला की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. या महाविद्यालयांनी जागा वाढविल्या, त्यांत आपलीही पोरे इंजिनिअर झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण या जागांचे शुल्क राज्याच्या तिजोरीतून, आपल्याच मुलांच्या नावाने, त्यांच्या संस्थांना जाते. शिष्यवृत्तीचा मोठा वाटा मुलाच्या हातात टिकतच नाही, तो संस्थेच्या खात्यावर जाऊन पडतो. तरी लोक म्हणतात, "यांना सगळे फुकट मिळते." फुकट कोणाला मिळते, हे एकदा ताळेबंद मांडून पाहायला हवे.

सरकारी संस्था तरी वाचल्या का? २०१६ साली आयआयटीचे वार्षिक शिक्षण शुल्क ९०,००० वरून दोन लाख करण्यात आले. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ते माफ आहे, म्हणून आपल्याकडे फारशी ओरड झाली नाही. पण त्याच सुमारास केंद्राने उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन केली. हेफा या नावाने ती ओळखली जाते, कॅनरा बँक तिची भागीदार आहे. पूर्वी इमारतीला, प्रयोगशाळेला केंद्राचे अनुदान मिळे. आता त्याऐवजी संस्थेने हेफाकडून कर्ज घ्यायचे आणि मुद्दल आपल्या अंतर्गत उत्पन्नातून फेडायचे, असा मार्ग काढण्यात आला. विद्यापीठाचे अंतर्गत उत्पन्न म्हणजे काय हो? शेती नाही, गिरणी नाही. विद्यार्थ्यांची फी हेच ते उत्पन्न. म्हणजे विद्यार्थी कर्जात आणि विद्यापीठही कर्जात. दोघांचे हप्ते शेवटी एकाच खिशातून जायचे.

आमच्या परिचयातले एक बँक अधिकारी, आपल्याच समाजातले आणि चळवळीला मदत करणारे, या विषयावर आमच्याशी वाद घालतात. त्यांचे म्हणणे असे, की कर्ज काढून शिकलेला मुलगा जबाबदारीने शिकतो. शिवाय उच्च शिक्षणाचा फायदा शेवटी शिकणाऱ्यालाच होतो, मग अर्धपोटी मजुराच्या करातून त्याची फी का भरायची? महात्मा फुल्यांनीच १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, अशी तक्रार केली नव्हती काय?

केली होती. आणि ती खरीच होती. पण जोतीरावांचे ते निवेदन अर्धे वाचून चालत नाही. त्याच निवेदनात, ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेले नाही त्यांच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्त्यांतला वाटा द्या, अशीही मागणी आहे. वरच्यांचे शिक्षण खालच्यांच्या पैशावर चालते, याला जोतीरावांचा उपाय हा होता की खालच्यांना वर येऊ द्या. खालच्यांकडूनही फी घ्या, असे ते कुठेही म्हणत नाहीत. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या सरकारी खर्चात शिकून झाल्या, ते आज म्हणतात, आता ज्याचे त्याने भरावे. शिडीने माडीवर चढून गेलेल्याने शिडीचे भाडे लावावे, तसा हा प्रकार आहे.

राहिला जबाबदारीचा मुद्दा. कर्ज सर्वांना सारखेच जड असते, या समजुतीवर तो उभा आहे. ज्याच्या बापाचे घर आहे, जमीन आहे, काकाचे दुकान आहे, त्याला शैक्षणिक कर्ज ही एक सोय असते. नोकरी लांबली तर घरचे दोन वर्षे हप्ता ओढतात. आपल्या पोराला घरचे ओढत नाहीत. पहिल्या पगारापासून त्यानेच घर ओढायचे असते. बहिणीचे लग्न, आईचा दवाखाना, धाकट्याची फी, आणि त्यावर बँक.

आकडे घ्या. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचे कर्ज, दर दहा टक्के. शिक्षण आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळव्याज चालूच. पाच वर्षांनी खात्यावर आठ लाख दहा हजार उभे राहतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता १०,७०० रुपये. एकूण भरणा पावणेतेरा लाखांच्या वर. २००९ पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांचे शिक्षणकाळातले व्याज ती भरते. ते मिळाले असे धरले तरी हप्ता ७,९०० च्या खाली येत नाही. नव्या इंजिनिअरला आपल्याकडे पंधरा-अठरा हजारांवर राबवून घेणाऱ्या कंपन्या काही कमी नाहीत. खोलीभाडे आणि खाणावळ वजा केली की हप्त्याला उरते काय?

आणि कर्ज मिळते तरी कोणाला? कागदावर साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक ८६० संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण नको आणि जामीनदारही नको, असे म्हटले आहे. चांगले आहे. पण यादीतली संस्था सोडून तालुक्याच्या ठिकाणच्या नर्सिंग कॉलेजला गेलेल्या मुलीने काय करायचे? ती बँकेत जाते, तेव्हा साहेब आधी बापाचा सिबिल पाहतो. बापाचा नाही तर आईचा. आईने गटाचे दोन हप्ते चुकविलेले असतात. ते का चुकविले? मुलीचीच फी भरायला काढलेले कर्ज होते ते! असा हा फेरा आहे. मावशींची धाकटी उद्या बँकेत गेली तर तिच्या वाट्याला हेच येणार.

आमच्या आजोबांच्या पिढीला कर्ज म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते. सालगड्याने लग्नासाठी पाटलाकडून उचल घ्यायची आणि त्या उचलीपायी आपले व पोराचे आयुष्य गोठ्यात काढायचे. बाबासाहेबांनी गाव सोडा, शहरात चला, शिका, असे सांगितले ते या उचलीतून सुटण्यासाठी. शहरात आलो, शिकलो. आणि शिकण्यासाठीच पुन्हा उचल? फरक एवढाच, की पाटलाच्या उचलीवर अंगठा होता आणि या उचलीवर इंग्रजीत सही आहे.

चळवळीने याकडे आणखी एका अंगाने पाहायला हवे. १९७२ साली पँथर उभी राहिली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात ज्यांचा वावर होता, त्या पोरांकडे गादी नव्हती, दोन वेळच्या जेवणाची खात्री नव्हती, पण महिन्याच्या पाच तारखेला दहा हजारांचा हप्ताही नव्हता. रात्रभर पोस्टर चिकटवून सकाळी पोलीस ठाण्यात बसायची त्यांना मुभा होती. आज एखाद्या गावात अत्याचार झाला, मोर्चाला चला म्हणून आम्ही शिकलेल्या पोरांना फोन करतो. पोरगा खाली आवाजात म्हणतो, "सर, सुट्टी टाकली तर पगार कापतात, हप्ता बाउन्स होईल." त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. आम्हीही एकदोनदा म्हटले, आणि त्याचा आज पश्चात्ताप होतो.

आता शुल्काच्या फाटकाशी काय होते याची दोन उदाहरणे. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्याला मुंबई आयआयटीत जागा मिळाली. प्रवेश शुल्क भरताना कार्ड चालले नाही आणि मुदत टळली. जागा गेली. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबाद आयआयटीत जागा मिळाली. भरायचे होते १७,५०० रुपये. गावातून उसनवारी करून पैसे जमेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले आणि ऑनलाइन खिडकी बंद झाली. दोन्ही वेळा न्यायालयाने संस्थेला प्रवेश द्यायला लावला. आम्हाला आनंद आहे. पण सर्वोच्च न्यायालयाची पायरी ज्यांना चढता येत नाही, त्यांच्या जागा दरवर्षी संध्याकाळी पाच वाजता गुपचूप जातात. त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याच्या शेवटच्या पत्रातल्या ताऱ्यांबद्दल खूप लिहिले गेले. त्याच पत्रात पैशांचाही उल्लेख आहे, तो आमच्या लक्षात राहिला. सात महिन्यांची फेलोशिप थकली होती, पावणेदोन लाख रुपये येणे होते. ते घरच्यांना मिळावेत आणि मित्राचे चाळीस हजारांच्या आसपासचे देणे त्यातून भागवावे, अशी सोय तो लावून गेला. हैदराबादच्या संशोधक विद्यार्थ्याचे चाळीस हजार, आणि आमच्या मावशींचेही चाळीसच हजार.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, भांडून तीन लाख रुपये मंजूर करून घेतले, आणि १९४४ पासून ही योजना सुरू झाली. स्वतः उसनवारीने शिकलेल्या माणसाने मागच्यांसाठी कर्ज मागितले नाही, शिष्यवृत्ती मागितली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविले. नोकरी करून शिका हे त्यांनी सांगितले, कर्ज काढून शिका हे नाही.

त्या योजनेची आजची अवस्था काय? २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचा वार्षिक सरासरी वाटा घसरून अकराशे कोटींवर आला होता. राज्यांनी हात वर केले, काही ठिकाणी योजना बंद पडायची वेळ आली. ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के आपला आणि ४० टक्के राज्याचा, असा वाटा ठरविला आणि पाच वर्षांसाठी ५९,००० कोटींची योजना जाहीर केली. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येऊ लागला. पण त्यात मेख अशी, की राज्याने आपले ४० टक्के आधी टाकल्याशिवाय केंद्राचे ६० टक्के सुटत नाहीत. राज्य उशीर करते, केंद्र वाट पाहते, महाविद्यालय चिठ्ठी काढते आणि मावशी गटाच्या बैठकीला जाऊन बसते. नियमांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. ते दाखविले की आगाऊ फी न भरता प्रवेश द्यावा लागतो. आम्ही विहारातल्या पोरांना विचारले, असे कार्ड किती जणांनी पाहिले आहे? एकाही पोराचा हात वर झाला नाही. आणि उत्पन्नाची मर्यादा? २०१३ साली ती अडीच लाख झाली आणि २०२१ च्या नियमांतही अडीच लाखच राहिली. महिन्याला वीस हजार आठशे. नवरा-बायको दोघेही मजुरी करीत असले तर कागदावर ते श्रीमंत ठरण्याची भीती! महाराष्ट्रात त्या मर्यादेवरच्यांना शुल्कमाफी आहे, पण निर्वाहभत्ता नाही आणि व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्याला तीही नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. आयकराचा परतावा उशिरा दिला तर सरकार करदात्याला दरमहा अर्धा टक्का व्याज देते. तसा कायदा आहे, आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. मग शिष्यवृत्ती उशिरा दिली तर विद्यार्थ्याला व्याज का नाही? ज्याच्याकडे पैसा होता म्हणून त्याने जास्त कर भरला, त्याच्या पैशाला व्याज. ज्याच्याकडे नव्हता म्हणून त्याने कर्ज काढले, त्याला मात्र "आले की मिळतील" हे उत्तर. समाजकल्याण खात्याने अर्ज मंजूर केल्याच्या तारखेपासून पैसे जमा होण्याच्या तारखेपर्यंतचे व्याज द्यावे. एकदा हे व्याज तिजोरीवर पडू लागले की मंत्रालयातल्या फायली कशा पळतील ते पाहा. आपले जे आमदार दर अधिवेशनात जय भीम म्हणून भाषण सुरू करतात, त्यांनी हा एक प्रश्न तारांकित करून विचारावा. आणि जयंतीच्या मंडळांनी, डीजेच्या रात्रीचा खर्च वहीत लिहिण्याआधी, आपल्या वस्तीत किती मावश्या गटाचे हप्ते फीसाठी भरीत आहेत याची यादी करावी. आमच्या वस्तीत पोरांनी ती केली. चाळीस घरांत अकरा निघाल्या.

त्या रविवारी मावशींच्या मुलीच्या नावाने पोरांनी महाविद्यालयाला आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना पत्र लिहिले, नियमाचा कलम क्रमांक टाकून. दोन दिवसांनी परीक्षेचा अर्ज स्वीकारला गेला. मुदत तोपर्यंत टळली होती म्हणून विलंब शुल्क पाचशे रुपये पडले. त्याची पावती वेगळी दिली. विलंब शुल्क शिष्यवृत्तीत बसत नाही, असे बाबूने सांगितले. मावशींनी ते पाचशे पदराच्या गाठीतून सोडून दिले आणि पावती आमच्याकडे दिली. "दादा, ही जपून ठेवा," म्हणाल्या, "साहेब विचारतील कवा, उशीर कुणी केला म्हणून."

पावती आमच्या फाईलमध्ये आहे. अजून कोणी विचारायला आलेले नाही.